दहाचा चौरस

कोल्हापूर,
१२ जानेवारी १९५९

चि. नंदिनी,

आशीर्वाद. बाकीचा मायना मी शाळेत मुलींना शिकवते, स्वतः लिहीत नाही.

तुझा पत्ता गणित मंडळाच्या आण्णांकडून घेतला. तीन वर्षांत तू मला पत्र लिहिलं नाहीस, मीही तुला लिहिलं नाही, तेव्हा त्यावर दोघींनीही बोलायचं कारण नाही. काम आहे म्हणून लिहिते आहे.

तात्याची दृष्टी गेली. उजवा डोळा दिवाळीच्या आधीच गेला होता. डावा आता उजेड आहे की अंधार, एवढंच सांगतो. मोतीबिंदू नव्हे, काचबिंदू. मिरजेला दाखवलं, पण उशीर झाला होता. उशीर का झाला असं तू विचारशील. तुझे वडील चौरसाच्या सिद्धतेच्या सातव्या भागात गुंतले होते आणि डॉक्टरांकडे जायला त्यांना सवड नव्हती. माझा भाऊ माझं ऐकत असता तर पुष्कळ गोष्टी वेगळ्या झाल्या असत्या.

काम थांबलेलं नाही. तुझ्या लहानपणीच्या त्या शंभर लाकडी सोंगट्या, प्रत्येक म्हणजे एक पैलवान, आठवत असतील. रंग दिसेनात तेव्हा त्याने पिराजी सुताराला बोलावून प्रत्येक सोंगटीच्या माथ्यावर तालमीची खूण आणि कडेला वजनाच्या खाचा पाडून घेतल्या. आता तो सकाळपासून चौरंगाशी बसतो आणि बोटांनी वाचतो. संध्याकाळी मी शाळेतून आले की सांगत जातो, मी लिहून घेते. मी १९२५ साली गणित घेऊन बी.ए. झाले आणि तेव्हापासून अपूर्णांक आणि सरळव्याज शिकवते आहे. तो सांगतो ते मी शुद्ध लिहू शकते. खरं की खोटं ते मला कळत नाही.

कागलचे हंबीरराव अजून येतात. इंटरला गणितात नापास होऊन ऊस लावायला गेलेला माणूस, पण गणित मंडळाचा रविवार चुकवत नाही. काल व्याख्यान आटोपल्यावर चहाच्या वेळी तात्याच्या शेजारी बसले आणि म्हणाले, "मास्तर, त्यो तुमचा दहाचा घोळ येकदा माझ्या डोक्यात घाला की. इतकी वर्सं निस्ती मान हलवतोय मी."

तात्याला एवढं पुरे होतं. "हे बघा. दहा तालमी. प्रत्येक तालमीनं दहा पैलवान पाठवले, दहा वेगवेगळ्या वजनांचे. झाले शंभर. आता त्यांना मैदानात चौरसात उभे करा. दहा आडव्या ओळी, दहा उभ्या. कुठलीही ओळ घ्या, आडवी नाहीतर उभी, तिच्यात प्रत्येक तालमीचा एकच गडी यायला हवा आणि प्रत्येक वजनाचाही एकच."

"मग हुबं करा की."

"नऊ तालमी असत्या तर केले असते. अकरा असत्या तरी केले असते. सहाला होत नाही हे सिद्ध झालेलं आहे. दहालाही होत नाही असं ऑयलर पावणेदोनशे वर्षांपूर्वी म्हणून गेला, पण त्याला ते सिद्ध करता आलं नाही. कोणालाच आलेलं नाही."

"आन् हुत असंल तर?"

"होत नाही."

"बरं, न्हाय हुत," हंबीरराव म्हणाले. "पर मास्तर, ह्येचा उपेग काय?"

सगळे हसले. तात्याही हसला. हा प्रश्न हंबीररावांनी प्रत्येक व्याख्यानात, प्रत्येक वक्त्याला विचारलेला आहे. पुण्याहून आलेल्या माणसांना तो अपमान वाटतो. इथे तो विचारला नाही तर व्याख्यान झाल्यासारखं वाटत नाही.

आता काम. येत्या मे महिन्यात मंडळाचं वार्षिक व्याख्यान तात्याचं आहे. दहाच्या चौरसाची अशक्यता, संपूर्ण. तू तीन वर्षांपूर्वी ज्या सातव्या भागावर बोट ठेवलंस, तो त्याने नव्याने बांधला आहे. इथे तो तपासणारं कोणी नाही. कृष्णात कॉलेजात शिकवतो, हुशार आहे, पण तो तात्याचा विद्यार्थी. त्याला चूक दिसली तरी तो आधी स्वतःच्या डोळ्यांना दोष देईल. म्हणून सातव्या भागाची नक्कल सोबत पाठवते आहे. बरोबर आहे की नाही ते कळव. गोड लिहू नकोस. मी पाठवलं हे तात्याला माहीत नाही.

त्या दिवसाबद्दल एकच लिहिते आणि तो विषय मिटवते. मंडळाचा नियम तात्यानेच घातलेला आहे. व्याख्यान संपलं की आण्णा अध्यक्षाच्या खुर्चीतून एकेकाकडे वळतात, ज्याने त्याने आपली शंका विचारायची किंवा 'शंका नाही' म्हणायचं, आणि शेवटच्या माणसाची पाळी होईपर्यंत कोणी उठायचं नाही. शंका विचारणं हाच वक्त्याचा मान, असं तो म्हणतो. तुझ्याकडे वळल्यावर तू उठलीस आणि विचारलंस, "सातव्या भागात जो पैलवान तुम्ही हलवता, तो हललाच नाही तर?" तिथे तू नियम पाळलास. मग तू म्हणालीस, "हे सिद्ध झालेलं नाही, आणि कदाचित खरंही नसेल." ती शंका नव्हती. ते भर सभेत बापाला सांगायचं वाक्य नव्हे. तो तुझ्याशी बोलायचा थांबला हे चुकलं, आणि तू पंधरवड्याच्या आत कलकत्त्याची नोकरी धरलीस हेही चुकलं. तुम्ही दोघं एकाच लाकडाची आहात.

उत्तर शाळेच्या पत्त्यावर पाठव.

तुझी आत्या,
पद्मजा


कोल्हापूर,
२४ फेब्रुवारी १९५९

चि. नंदिनी,

उत्तर मिळालं. तू बरी आहेस की नाही हे लिहायला तुला जागा उरली नाही असं दिसतं.

तू लिहितेस की गळती तीच आहे, कौल तेवढं बदललं आहे. मी ते वाचलं, घडी घातली, आणि तुझी शंका पाठ करून घरी गेले. मला वाटलं, माझ्याच नावाने विचारावी. संध्याकाळी लिहून घेताना मध्येच म्हटलं, "तात्या, इथे तू दोन तालमींची अदलाबदल करतोस, पण त्या दोघींचा तिसरीशी आधीच संबंध आला असेल तर?"

त्याची बोटं सोंगटीवर थांबली.

"हे तू विचारत नाहीस, पद्मे."

"मग कोण विचारतंय?"

"तुझी शंका 'हे कशाला' अशी असते. ही नंदिनीची आहे."

खोटं बोलायचं मला सुचलं नाही. त्याने ती सोंगटी बाजूला ठेवली. मग विचारलं, "बरी आहे?" मी म्हटलं, "पत्रात प्रकृतीचं काही नाही." तर हसला. तीन वर्षांत घरात तुझं नाव निघालं नव्हतं. "तीच शंका, अजून," म्हणाला. "सोडत नाही पोरगी." त्या दिवशी त्याने भाकरी मागून घेतली. भाकरी वाढताना चिमणाबाई मला विचारत होती, की मास्तरांना आज काय झालंय. दुसऱ्या दिवशी पहाटे सगळ्या सोंगट्या चौरंगावरून खाली काढल्या आणि सातवा भाग पहिल्यापासून मांडायला घेतला.

परवाच्या रविवारी पुणे विद्यापीठातले एक तरुण अध्यापक आले होते. विषय नकाशांचे रंग. आपल्या जिल्ह्याचा नकाशा फळ्यावर काढला. शाहूवाडी हिरवी, कागल पिवळं, करवीर तांबडा. शेजारच्या दोन तालुक्यांना एक रंग लागता कामा नये. मग प्रत्येक तालुक्याचा एक बिंदू केला, शेजाऱ्यांच्या मध्ये रेघा ओढल्या आणि नकाशा पुसून टाकला. फळ्यावर नुसते बिंदू आणि रेषा राहिल्या. म्हणाले, जगातल्या कुठल्याही नकाशाला चार रंग पुरतात असं दिसतं, पण ते अजून कोणी सिद्ध केलेलं नाही. मला ते आवडलं. एवढी साधी गोष्ट आणि कोणाला येत नाही.

तात्याची पाळी आली तेव्हा त्याने त्या पोराला असं धरलं की त्याला खडू खाली ठेवावा लागला. बिचारा घामाघूम झाला. पण निघताना तात्याच्या पाया पडला आणि म्हणाला, "सर, इतकं लक्षपूर्वक मला अजून कोणी ऐकलं नव्हतं." हंबीररावांची शंका ठरलेलीच होती. "शंका हाय. चार रंगांत भागतंय तर भागू दे की. ह्येचा उपेग काय? आन् आमच्या कागलला पिवळा कुणी लावला?"

घरी येताना टांग्यात तात्याने विचारलं, "मे महिन्यात ती येईल का?" मी म्हटलं, विचारते.

विचारते आहे. रजा काढून ये. त्याला काही सांगायची गरज नाही. नेहमीच्या जागी बस, तुझ्याकडे वळले की उठून शंका विचार. ती विचारल्याशिवाय तो तुझ्याशी बोलणार नाही, आणि विचारलीस तर बोलेल. एवढं मला आता कळलं आहे.

तुझी आत्या,
पद्मजा


कोल्हापूर,
९ मे १९५९

चि. नंदिनी,

येऊ नकोस.

तुझं पत्र काल पोचलं. त्याच्या आदल्याच दिवशी कृष्णात पुण्याहून तीच बातमी घेऊन आला होता. तेव्हा मला दोनदा कळलं. अमेरिकेत तिघांनी मिळून दहाचा चौरस मांडला. त्या तिघांत दोघे आपल्याकडचे. कृष्णात सांगत होता की पुण्याला सगळ्यांना अभिमान वाटतो आहे. मलाही वाटला असता.

तू लिहितेस की दहाचा होतो, चौदाचा होतो, सहा सोडून पुढचे सगळे होतात. कुठलीही शंका उरलेली नाही. तू हे सरळ लिहिलंस ते बरं केलंस.

वर्तमानपत्रातही चार ओळी आल्या. रोज सकाळी मीच त्याला वाचून दाखवते. त्या ओळींवरून पुढे गेले आणि गुळाचे भाव वाचले. "हे काल वाचलेस," तो म्हणाला. मी म्हटलं, "भाव बदललेला नाही."

तुझं म्हणणं, त्याला आजच सांगावं. तू इथे नाहीस. तो पहाटे उठून मला सातवा भाग म्हणून दाखवतो, परवचा म्हणावा तसा. सगळं व्याख्यान पाठ केलं आहे, कारण कागद पाहता येत नाही. बंद गळ्याचा कोट धुवायला टाकला. तुझ्या शंकेचं उत्तर सापडलं म्हणतो. ते चूक असणार हे आता मला कळतं, गणित न येताही कळतं, कारण जे होतंय ते होत नाही असं कोणी बरोबर सिद्ध करू शकत नाही. पण तो ताठ बसायला लागला आहे. डोळे गेल्यापासून मी त्याला असं बसलेलं पाहिलं नव्हतं. सांगून काय मिळेल? उरलेल्या आयुष्यात चौरंगाशी बसून त्याने काय करायचं, ते तू मला लिहिलेलं नाहीस.

व्याख्यान रद्द केलं तर कारण द्यावं लागेल. म्हणून व्याख्यान होईल. एकदा सगळं बोलून टाकेल, मोकळा होईल. मग पावसाळ्यात कधीतरी सवडीने सांगता येईल.

मंडळातल्या सगळ्यांना मी शाळेत बोलावून घेतलं होतं. आण्णा, कृष्णात, हंबीरराव, ते आकाराम मास्तर, आणखी चौघे. सांगितलं की कोणी काही बोलायचं नाही, आणि त्या दिवशी शंका कोणी विचारायची नाही. एक विचारली की दुसरी निघते आणि दुसरीतून खरं बाहेर पडतं. आण्णांनी मान डोलावली. कृष्णात म्हणाला, "बाई, मंडळात हे चालत नाही. सरांनीच शिकवलंय." मी म्हटलं, "सरांचीच बहीण सांगते आहे." हंबीरराव टोपी हातात घेऊन उभे होते. "बाई, म्या काय बोलायचं?" म्हणाले. "तुम्हीसुद्धा काही बोलायचं नाही," मी सांगितलं. इतकी वर्षं मी शाळा चालवते आहे. आठ पुरुषांना गप्प बसवणं मला अवघड नाही.

तू आलीस तर आण्णा तुझ्याकडे वळतील. तुला 'शंका नाही' म्हणता येणार नाही, तुझा स्वभावच तसा नाही. आणि शंका विचारलीस तर सगळ्यांदेखत तुझ्याच तोंडून त्याला कळेल. एकदा झालं तेवढं पुरे.

तिकीट काढलं असशील तर परत कर. रजा मिळाली नाही असं मी त्याला सांगेन.

तुझी आत्या,
पद्मजा


कोल्हापूर,
२५ मे १९५९

चि. नंदिनी,

काल व्याख्यान झालं. झालं तसं लिहिते.

आमच्या शाळेच्या चित्रकलेच्या वर्गात नेहमीसारखीच बैठक होती. सुट्टीमुळे शाळा रिकामी. उकाडा फार होता. सगळे वेळेच्या आधी आले, हे पहिलं चुकलं. हंबीरराव नेहमी उशिरा येतात, दारातून मोठ्याने "चालू द्या, चालू द्या" म्हणतात. काल ते आधीच येऊन बसले होते आणि खोकलेसुद्धा नाहीत.

तात्या टेबलाची कड धरून उभा राहिला आणि बोलला. कृष्णात त्याच्या सांगण्याप्रमाणे फळ्यावर लिहीत गेला. एकही पायरी तो विसरला नाही. आवाज तू कॉलेजात ऐकला असशील तसाच होता. सातव्या भागाशी आल्यावर थांबला आणि म्हणाला, "इथे तीन वर्षांपूर्वी याच खोलीत एक शंका आली होती. ती बरोबर होती. ती मला तेव्हा ऐकून घेता आली नाही. आता तिचं उत्तर देतो." हे मी शब्दशः कळवते आहे, कारण ते ऐकायला तू हवी होतीस. तुला कोणी येऊ दिलं नाही ते तुला ठाऊकच आहे.

उत्तर त्याने दिलं. सगळ्यांनी ऐकलं.

मग आण्णांनी विचारलं, "आकाराम?"

"शंका नाही."

"कृष्णात?"

कृष्णातच्या हातात खडू होता. तो त्याने फळ्याच्या कडेला ठेवला. "शंका नाही, सर."

तात्याने मान जराशी वळवली. डोळे गेल्यापासून तो कानाने माणसाकडे बघतो. पुढचे चौघे झाले. शंका नाही, शंका नाही. प्रत्येकाचा आवाज आदल्यापेक्षा खाली. मी तेव्हा काय ते ओळखायला हवं होतं. आमच्या शाळेत तपासणीच्या दिवशी साहेबांनी काही विचारलं की सगळा वर्ग एका सुरात उत्तर देतो, आणि साहेबांना लगेच कळतं की हे घोकून घेतलेलं आहे.

"हंबीरराव?"

"न्हाय शंका, मास्तर."

तात्या त्यांच्या दिशेने बघत राहिला. मग अगदी हलक्या आवाजात म्हणाला, "हंबीरराव, उपेग विचारायचा राहिला."

त्या माणसाला खोटं बोलायची सवय नाही. "उपेग... हाय की, मास्तर," ते म्हणाले. "लई उपेग हाय."

आण्णांनी आपली 'शंका नाही' म्हटली. शेवटची पाळी माझी. मीही म्हटलं.

तात्या म्हणाला, "कृष्णात, फळा पुसा."

"सर, मला उतरून घ्यायचंय."

"पुसा."

कृष्णातने पुसला. पुसून होईपर्यंत तात्या ऐकत होता. मग मी हात धरून त्याला खाली आणलं.

टांग्यात बसल्यावर विचारलं, "कोणी मांडला?"

मी म्हटलं, "काय?"

"पद्मे, दहाचा कोणी मांडला?"

मी सांगितलं. कुठे, केव्हा, कोणी. दोघे आपल्याकडचे हेही सांगितलं. "वा," म्हणाला. खरंच म्हणाला, उपरोधाने नव्हे. "युक्ती काय होती?" मी म्हटलं, मला सांगता येणार नाही. "नंदिनीला येईल," म्हणाला.

बिंदू चौकाशी टांगा थांबला होता, बाजाराची गर्दी होती. तो म्हणाला, "तिला ठाऊक होतं."

"हो."

"म्हणून आली नाही. तिलासुद्धा माझी दयाच आली."

मी काही बोलले नाही. टांगा निघाला.

आज सकाळी हंबीरराव आंब्यांची पाटी घेऊन आले. आत येईनात, पायरीवरच बसले. "बाई, त्ये 'हाय की' म्या म्हणाय नको हुतं. तिथंच घोळ झाला," म्हणाले. मी सांगितलं, तुमचा दोष नाही. त्यांनी विचारलं, "मग कुणाचा?" मी चिमणाबाईला चहा टाकायला सांगितला.

तात्या उठलेला नाही. ताप वगैरे नाही. झोपलेलाही नाही.

तुला लिहायचं असेल तर आता त्यालाच लिही. मी वाचून दाखवेन.

तुझी आत्या,
पद्मजा


कोल्हापूर,
२९ जून १९५९

चि. नंदिनी,

तुझं तात्याला आलेलं पत्र वाचून दाखवलं. सगळं वाचलं. 'मी निघणार होते, तिकीट काढलं होतं, आत्याने येऊ नकोस म्हणून लिहिलं' हे वाक्यही वाचलं. एकदा मी ओळी गाळल्या, पुन्हा गाळणार नाही. माझ्याशी त्याआधी बोलत होता तेवढंच अजून बोलतो. पाणी दे, दिवा लागला का, एवढं.

त्या पत्रासोबत तू पाठवलेला दहाचा चौरस त्याने मला मांडायला सांगितला. मी तुझ्या कागदावर बघून एकेक सोंगटी चौरंगावर ठेवली. दुपार गेली त्यात. मग तो येऊन बसला आणि पहिल्या आडव्या ओळीपासून बोटांनी तपासायला लागला. माथ्यावरची खूण, कडेच्या खाचा, पुढची सोंगटी. सगळ्या आडव्या झाल्यावर उभ्या घेतल्या. मध्ये एकदा थांबला. माझ्या मनात आलं, सापडली चूक. मनात यावं ते आलं, त्याला मी काय करू. पण माझ्याच हातून दोन सोंगट्या एकमेकींच्या जागी गेल्या होत्या. त्याने त्या बदलून घेतल्या आणि पुढे गेला. शेवटच्या ओळीच्या शेवटच्या सोंगटीवर बराच वेळ बोट होतं.

"उभे राहिले," म्हणाला. "सगळेच्या सगळे."

तेव्हापासून ते तसेच उभे आहेत. चिमणाबाई त्या खोलीत केर काढत नाही, धक्का लागेल म्हणते. तो त्या खोलीत जात नाही.

मंडळाला मात्र दर रविवारी येतो, मी नेते. गेल्या खेपेला सांगलीहून वक्ते होते. त्यांनी बिंदू आणि रेषांचंच काही सांगितलं, आणि मध्ये एक पायरी सपशेल चुकली. ती मलासुद्धा कळली. कृष्णात तात्याकडे बघत होता. हंबीररावांनी आपला उपेगाचा प्रश्न नको इतक्या मोठ्याने विचारला. आण्णा तात्याकडे वळले. तात्या म्हणाला, "शंका नाही."

माणसं समजून घ्यायला मी कमी पडते असं तू लहानपणी मला तोंडावर म्हणाली होतीस. मी तेव्हा तुला बाहेर उभं केलं होतं. असो.

आता तुझ्या पत्राच्या शेवटाबद्दल. 'तात्या, सातव्या भागातली तुमची युक्ती दहाला लागत नाही, पण सहाला लागते असं मला वाटतं. सहाची आहे ती सिद्धता फार लांब आहे, नुसती मोजदाद आहे. तुमची लागली तर ती दोन पानांत होईल आणि तशी आजवर कोणी केलेली नाही. पण एका ठिकाणी मला शंका आहे.' आणि पुढे तुझी शंका. ती मी सावकाश वाचली. त्याने पुन्हा वाचायला सांगितली. पुन्हा वाचली. त्याचा हात उशीवर होता, आणि बोटं हलत होती, आधी एक खूण चाचपावी, मग खाचा मोजाव्यात तशी. मी दौत जवळ ओढून घेतली. मला वाटलं, आता सांगेल. टाक बुडवून मी वाट बघत होते.

बोटं थांबली.

"काय कळवू तिला?" मी विचारलं.

त्याने भिंतीकडे तोंड केलं.

"लिही," म्हणाला. "शंका नाही."

लिहिलं आहे.

पद्मजा